सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये मित्रांसोबत पहिल्यांदा जेवायला जाताय? मग हे वाचून जा

सिंगापूरला नवीन आलेला ग्रुप हॉकर सेंटरमध्ये शिरला की पुढे काय होणार हे मला आता लांबूनच कळतं. सगळे एकदम आत येतात, सगळे एकदम वेगवेगळ्या स्टॉलचे बोर्ड वाचत फिरायला लागतात, कुणीतरी सगळ्यात मोठी लाईन बघून तिच्यात उभं राहतं, आणि वीस मिनिटांनी पाच जण हातात गरम सूपचे ट्रे धरून खांबापाशी उभे असतात कारण बसायला टेबलच नाही. मग जिथे एकेक खुर्ची मिळेल तिथे विखरून बसायचं आणि आपापलं गपचूप संपवायचं. आमच्या ग्रुपचं पहिलं जेवण असंच झालं होतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण एवढे छान पदार्थ समोर असून कुणी कुणाचं चाखून बघितलं नाही.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. माझं ठाम मत आहे की हॉकर सेंटरला ग्रुपने गेलात तर प्रत्येकाने आपली प्लेट घेऊन आपली संपवायची नाही, सगळं टेबलाच्या मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी वाटून खायचं. बाकीच्या सगळ्या युक्त्या त्यासाठीच आहेत.

आधी हे ठिकाण काय आहे ते समजून घ्या

हॉकर सेंटर म्हणजे मॉलमधलं फूड कोर्ट नाही. वर छप्पर, बाजूने उघडं, पंखे, एसी बहुतेक ठिकाणी नाही, मध्ये टेबलं आणि कडेने ओळीने छोटे स्टॉल, प्रत्येक स्टॉलचा मालक वेगळा आणि बरेचदा तो एक-दोनच पदार्थ करतो पण तेच वर्षानुवर्षं करतो. पूर्वी हे सगळे हॉकर म्हणजे फेरीवाले रस्त्यावर गाड्या लावून विकायचे. १९६८-६९ मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली आणि मग १९७१ ते १९८६ या काळात बांधलेल्या सेंटरांमध्ये त्यांना पाणी, वीज, गटार अशा सोयींसकट हलवलं. आज अशी ११० पेक्षा जास्त सेंटर आहेत आणि डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. स्टॉलमागे जे अंकल-आंटी दिसतात त्यातले बरेच जण साठीच्या आसपासचे आहेत आणि पहाटेपासून त्या गरम कढईसमोर उभे असतात, तेव्हा ऑर्डर देताना ते तुटक बोलले तर मनाला लावून घेऊ नका, मागे पंधरा माणसं उभी आहेत म्हणून ते तसं बोलतात.

कुठे आणि कधी जायचं

पहिल्यांदाच जात असाल तर खूप मोठं सेंटर निवडू नका. चायनाटाऊन कॉम्प्लेक्स हे सगळ्यात मोठं, दोनशेच्या वर स्टॉल, तिथे नवीन माणूस नुसता चक्रावतो. मॅक्सवेल फूड सेंटर आकाराने बरं आहे, एमआरटी म्हणजे मेट्रोचं स्टेशन अगदी समोर, आणि चिकन राईसपासून गोडापर्यंत सगळं मिळतं, फक्त पर्यटकांची गर्दी असते. ग्रुपमध्ये शाकाहारी जास्त असतील तर लिटल इंडियाचं टेक्का सेंटर. मलय जेवण खायचं असेल तर गेलांग सराय मार्केटचा वरचा मजला. तिओंग बारूला खाली भाजीबाजार आणि वर खाण्याचे स्टॉल, रविवारी सकाळी नाश्त्याला जायला मस्त. ओल्ड एअरपोर्ट रोड माझं आवडतं, डाकोटा स्टेशनवरून चालत जाता येतं आणि तिथे येणारे जास्त करून आजूबाजूला राहणारेच असतात.

संध्याकाळी मित्रांसोबत निवांत बसायचं असेल तर दोन पर्याय. एक लाऊ पा सात, ऑफिसांच्या उंच इमारतींमध्ये उभी असलेली १८९४ ची लोखंडी अष्टकोनी वास्तू, तिच्या बाजूचा बून तात स्ट्रीट संध्याकाळी गाड्यांना बंद होतो आणि तिथे रस्त्यावर टेबलं मांडून कोळशावर साते, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजतात. दुसरा ईस्ट कोस्ट लगून, समुद्राच्या अगदी काठावर.

वेळेचं म्हणाल तर ऑफिसांच्या भागात दुपारी १२ ते २ ग्रुपने अजिबात जाऊ नका, सहा जणांना एक टेबल मिळणं जवळजवळ अशक्य. साडेअकराला जा किंवा अडीचनंतर. पण खूप उशीर पण नको कारण चांगले स्टॉल माल संपला की बंद करतात, दुपारी दोनलाच शटर खाली आलेलं मी कितीदा बघितलंय. शिवाय सोमवारी बरेच स्टॉल सुट्टी घेतात, आणि बहुतेक सेंटर दर तीन महिन्यांनी साफसफाईसाठी बंद असतात, त्या तारखा राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या साईटवर असतात. सहा जणांना घेऊन निघण्याआधी एकदा बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

घरून निघताना काय घ्यायचं

टिश्यू पेपरची दोन पाकिटं, कारण स्टॉलवर नॅपकिन मिळत नाहीत आणि दुसरं कारण पुढच्या मुद्द्यात आहे. सुट्टे पैसे, म्हणजे २, ५ आणि १० सिंगापूर डॉलरच्या नोटा. बहुतेक स्टॉलवर क्यूआर कोड लावलेला असतो आणि लोक फोनवरून पैसे देतात पण त्यासाठी इथल्या बँकेचं खातं किंवा चालणारं ॲप लागतं, आणि काही जुने अंकल फक्त कॅशच घेतात. चार डॉलरच्या प्लेटसाठी ५० ची नोट पुढे करू नका. सुती कपडे घाला, उकडतं.

पहिलं काम: टेबल चोप करा

चोप करणं म्हणजे जागा धरून ठेवणं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं. हो, खरंच एवढंच. छत्री, ऑफिसचं ओळखपत्र, पाण्याची बाटली पण चालते. उलट तुम्हाला रिकाम्या टेबलावर एकटं टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते कुणी विसरलेलं नाहीये, उचलून बाजूला करून बसू नका. हा काही कायदा नाही पण सगळे पाळतात आणि नवीन माणसाने न पाळल्यास लगेच कपाळावर आठ्या येतात.

आता माझा सल्ला. ग्रुप असेल तर नुसत्या टिश्यूवर सोडून जाऊ नका, एक माणूस टेबलावर बसवा. सहा खुर्च्यांवर एकेक टिश्यू ठेवून सगळे गायब होणं मला स्वतःला पटत नाही, गर्दीच्या वेळी एखादे आजोबा ट्रे घेऊन ताटकळत उभे असतात. एक जण बसला की तो खुर्च्या सांभाळतो, पाण्याची सोय बघतो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेबल नंबर सगळ्यांना ग्रुपवर पाठवतो. टेबलावर किंवा जवळच्या खांबावर नंबर असतो. तो नंबर पाठ पाहिजे कारण काही स्टॉलवाले विचारतात टेबल नंबर काय आणि जेवण आणून देतात. जिथे सेल्फ सर्व्हिस लिहिलंय तिथे स्वतः उचलायचं.

मोठं टेबल मिळालं नाही तर अर्ध्या रिकाम्या टेबलावर बसलेल्यांना विचारा, शेअर करू का? लोक सहज हो म्हणतात. इथे अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर बसणं नेहमीचं आहे, गप्पा मारायलाच पाहिजेत असं नाही.

दुसरं काम: माणसं वाटून घ्या

सहा जण असाल तर एक टेबलावर, एक ड्रिंक्सला, बाकीचे चार जण चार वेगवेगळ्या लाईनीत. प्रत्येकाने एकच पदार्थ आणायचा, पण तो सगळ्यांसाठी. दोघे एकाच लाईनीत गप्पा मारत उभे राहू नका, ती लाईन वीस मिनिटांची असेल तर दोघांची वीस-वीस मिनिटं गेली.

आणि पहिल्या फेरीत कमी मागवा. हे मी जोर देऊन सांगतोय. सहा जणांना चार पदार्थ पुरे, ते खाऊन संपले की परत उठायचं. भूक लागलेली असताना सगळंच हवंसं वाटतं, टेबल भरतं, नूडल्स सूप पिऊन फुगतात, तळलेलं गार होऊन मऊ पडतं, आणि शेवटी अर्धं अन्न टाकून द्यावं लागतं. कढईतून आलेलं पाच मिनिटांत खाल्लं तरच त्याची खरी चव कळते, विशेषतः चार क्वे त्याओची, म्हणजे कढईत परतलेल्या रुंद तांदळाच्या नूडल्सची, त्या करपट धुराच्या वासासाठीच तर लोक लाईन लावतात.

लाईन लांब म्हणजे चांगलं हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण पहिल्या दिवशी सगळ्यात लांब लाईन धरायची गरज नाही. २०१६ मध्ये रेस्टॉरंटना स्टार देणाऱ्या मिशेलिन गाइडने सिंगापूरच्या दोन साध्या स्टॉलना पहिल्यांदा स्टार दिले तेव्हापासून नावाजलेल्या स्टॉलपुढच्या लाईनी अजूनच वाढल्यात. शेजारच्या स्टॉलवर पाच-सात माणसं, तीही इथलीच वाटणारी, उभी असतील तर बिनधास्त तिथे जा.

तिसरं काम: ऑर्डर द्यायची कशी

लाईनीत असतानाच ठरवा, काउंटरला पोचून मेन्यू वाचायला लागू नका. पुरुषाला अंकल, बाईला आंटी, ही इथली आदराचीच हाक आहे. अंकल, वन चिकन राईस, एवढं पुरतं. मग ते विचारतील, हॅविंग हिअर? म्हणजे इथे खाणार का. घरी न्यायचं असेल तर दाबाओ किंवा तापाव म्हणायचं. मग विचारतील चिली हवी का. तिखट नको असेल तर नो चिली. लहान-मोठ्या साईजचे दर बोर्डवर असतात, वाटून खायचं असेल तर मोठी साईज घ्या, एक-दोन डॉलरच्या फरकात बरंच जास्त येतं.

दर साधारण असे धरा: चिकन राईसची प्लेट ४ ते ६ डॉलर, नूडल्सही तेवढ्यातच, कोपी म्हणजे इथली कॉफी दोन डॉलरच्या आत. टिप द्यायची नसते. रेस्टॉरंटच्या बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर ९ टक्के जीएसटी लागतो तसं इथे काही लागत नाही, बोर्डवरचा आकडा तोच शेवटचा. फक्त सीफूडच्या स्टॉलवर जपा. खेकडा, मोठी कोळंबी, पाकट हे बरेचदा वजनावर असतं आणि बोर्डवर भाव १०० ग्रॅमचा असतो, तेव्हा ऑर्डर देण्याआधीच विचारा की एकूण किती होणार. न्यूटनसारख्या पर्यटकांच्या सेंटरला तर नक्कीच. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या एका मित्राने एका ठिकाणी न विचारता कोळंबी सांगितली आणि सहा जणांच्या अख्ख्या जेवणाएवढं बिल एका प्लेटचं झालं.

काय मागवायचं

सगळी यादी देत बसत नाही, पहिल्या दिवसासाठी जे वाटून खायला सोपं पडतं तेवढंच.

हैनानी चिकन राईसपासून सुरुवात करा. दिसायला फिकट, त्यामुळे नवीन लोक नाक मुरडतात. कोंबडी हलक्या उकळीत शिजवलेली, आणि भात त्याच कोंबडीच्या चरबीत आणि रसात आलं, लसूण, पंदनची पानं घालून केलेला. खरी गंमत भातात आणि सोबतच्या चटण्यांत आहे, लाल मिरचीची आंबट-तिखट, आल्याची, आणि काळा घट्ट सोया सॉस. तिन्ही लावून खा, नुसतं चिकन खाऊन फिकं आहे म्हणू नका.

कॅरट केक नावाला फसू नका, त्यात गाजर नाही आणि तो गोडही नाही. पांढरा मुळा आणि तांदळाचं पीठ वाफवून वड्या करतात आणि त्या अंड्याबरोबर तव्यावर परततात. पांढरा म्हणजे साधा, काळा म्हणजे गोडसर सोया सॉस घातलेला. दोन्ही एकेक घेऊन टेबलावर मतदान करा, आमच्याकडे अजून निकाल लागलेला नाही.

लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधातला तिखट रस्सा आणि तांदळाच्या शेवया, सुक्या कोळंबीचा म्हणजे सोड्यांचा वास त्याला असतोच. कातोंग या भागातल्या पद्धतीत शेवया आधीच बारीक कापलेल्या असतात, नुसत्या चमच्याने खातात, त्यामुळे ज्याला चॉपस्टिक्स जमत नाहीत त्याच्यासाठी सोपं. पण लाक्सा वाटून खायला अवघड, दोन-तीन रिकाम्या वाट्या मागून घ्या.

साते ग्रुपसाठी सगळ्यात चांगलं. चिकन, मटण, बीफ असे प्रकार, बहुतेक ठिकाणी किमान १० काड्या घ्याव्या लागतात, सोबत शेंगदाण्याची दाट चटणी, काकडी, कच्चा कांदा आणि केतुपात म्हणजे दाबून शिजवलेल्या भाताचे तुकडे. मिक्स मागवलं तर कुठली काडी कशाची हे तिथेच विचारून ठेवा, टेबलावर आल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात आणि ग्रुपमध्ये बीफ न खाणारे असतील तर पंचाईत होते.

सहा-आठ जण असाल आणि भातासोबत भाज्या, मासा, टोफू असं घरगुती पद्धतीचं जेवण हवं असेल तर झी चारचा स्टॉल शोधा, तिथे मोठ्या डिश ऑर्डरप्रमाणे बनवतात आणि मध्ये ठेवून खातात. ग्रुपसाठी ही सगळ्यात आरामाची पद्धत, कारण एकच माणूस ऑर्डर देतो आणि बरेचदा ते टेबलावर आणूनही देतात. आणि ज्याला काहीच कळत नाहीये त्याच्यासाठी इकॉनॉमी राईस, म्हणजे काचेमागे वीस-पंचवीस तयार पदार्थ असतात, भात घ्यायचा आणि बोटाने दाखवायचं, हे, हे आणि ते.

ग्रुपमध्ये शाकाहारी किंवा पोर्क-बीफ न खाणारे असतील तर

हा भाग मनापासून वाचा, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात आणि चूक झाली की त्या माणसाचं जेवणावरून मनच उडतं.

इथे भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी असते असं नाही. सांबाल कांगकोंग ही हिरवीगार पालेभाजी, पण सांबालमध्ये म्हणजे मिरचीच्या वाटणात बलाचान म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. रोजाक हे फळं आणि भाज्यांचं सॅलड, पण वरचा काळा सॉस कोळंबीचाच. नूडल्सचं साधं पाणीदार सूप बऱ्याचदा हाडांचं किंवा इकान बिलिस या छोट्या सुक्या माशांचं असतं. परतायला बरेचदा डुकराची चरबी म्हणजे लार्ड वापरतात, आणि भाजीवर ऑयस्टर म्हणजे शिंपल्यांचा सॉस तर सर्रास. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण कट्टर शाकाहारी, तिने एका स्टॉलवर व्हेजिटेबल आहे ना म्हणून विचारलं, त्यांनी हो म्हणलं, कारण भाजी होतीच की. खोटं कुणीच बोललं नव्हतं, प्रश्नच अपुरा होता. म्हणून प्रश्न पूर्ण विचारा: नो मीट, नो सीफूड, नो एग, नो लार्ड, नो बलाचान. चिनी स्टॉलवर सू हा शब्द शाकाहारासाठी आहे, तो म्हणलात की त्यांना पटकन कळतं.

त्यापेक्षा सोपं म्हणजे सरळ शाकाहारी स्टॉलच गाठायचा. बऱ्याच सेंटरमध्ये एखादा चिनी शाकाहारी स्टॉल असतो, बौद्ध पद्धतीचा, तिथे बहुधा कांदा-लसूणही घालत नाहीत. तिथली व्हेजिटेरियन बी हून, म्हणजे बारीक शेवया आणि वर तळलेली टोफूची साल, नाश्त्याला फार छान लागते. तिथे मटणासारखं दिसणारं काहीतरी असेल तर घाबरू नका, ते सोया किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. टेक्काला दाक्षिणात्य शाकाहारी स्टॉल आहेत, थोसाई म्हणजे डोसा वगैरे मिळतं. रोटी प्राता म्हणजे पराठ्यासारखी पदरांची रोटी घेतली तर सोबतची करी माशाची की मटणाची की डाळीची ते विचारा, डाल म्हणून मागितली तर देतात, आणि प्राता कोसोंग म्हणजे अंडं न घातलेली साधी.

पोर्क टाळायचं असेल तर हलाल प्रमाणपत्र लावलेला स्टॉल बघा. नो पोर्क नो लार्ड अशी पाटी असते तिचा अर्थ फक्त तेवढाच, तो स्टॉल हलाल आहे असं नाही, मुस्लिम मित्र सोबत असेल तर हा फरक महत्त्वाचा. आणि बीफ टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हलाल स्टॉलवर बीफ असू शकतं.

मुस्लिम मित्र सोबत असेल तर आधी त्यालाच विचारा की एका टेबलावर पोर्कची डिश आली तर चालेल का. बरेच जण चालेल म्हणतात, काहींना नाही आवडत, आणि सरळ विचारलेलं सगळ्यांनाच बरं वाटतं. चमचे, ताटल्या मात्र कधीच मिसळू नका. हलाल स्टॉलच्या ताटलीत दुसरीकडचं पोर्क ठेवणं हा त्या स्टॉलवाल्याचाही अपमान आहे, त्याला ती भांडी परत वापरायची असतात.

ड्रिंक्सची भाषा

ड्रिंक्सचा स्टॉल वेगळा असतो. पाणी फुकट मिळत नाही, विकत घ्यायचं किंवा आपली बाटली. खरी मजा कोपीची. कॉफीच्या बिया इथे साखर आणि बटर किंवा मार्गरिन घालून भाजतात, त्यामुळे रंग काळाकुट्ट आणि चवीला जड. नुसतं कोपी म्हणलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी येते. कोपी ओ म्हणजे बिनदुधाची पण साखर असलेली. कोपी सी म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्क, म्हणजे आटवलेलं बिनसाखरेचं दूध, आणि साखर. ह्याला शेपट्या जोडायच्या: कोसोंग म्हणजे साखर नको, स्यू दाय म्हणजे साखर कमी, गाऊ म्हणजे कडक, पेंग म्हणजे बर्फ घालून. चहासाठी कोपीच्या जागी तेह, बाकी सगळं तेच. म्हणजे कमी साखरेचा बर्फाचा दुधाचा चहा हवा तर तेह सी स्यू दाय पेंग. कोसोंग मलय, ओ आणि पेंग होक्कियन, एका कपाच्या ऑर्डरमध्ये इथल्या लोकांच्या दोन भाषा येतात आणि स्टॉलवालीला त्यात काही विशेष वाटत नाही, मला हे फार आवडतं.

नवीन माणसाला कोपी नेहमीच जास्त गोड लागते, तेव्हा पहिल्यांदा स्यू दाय सांगा. कॉफी-चहा नको असेल तर उसाचा रस, लिंबू सरबत, बार्ली, किंवा गुलाबाचं सरबत आणि दूध घातलेलं बांडुंग.

खाताना

चमचा, काटा, चॉपस्टिक्स, जे जमेल त्याने खा, कुणी बघत नाही. फक्त चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, ते मृतांसमोर लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. मलय किंवा भारतीय जेवण हाताने खात असाल तर उजव्या हाताने, आणि हात धुवायला बेसिन असतंच. सगळं मध्ये ठेवल्यावर वाढून घ्यायला प्रत्येक डिशसाठी एक वेगळा चमचा ठेवा. साळुंक्या आणि कबुतरं टेबलाभोवती टपलेली असतात, उष्टी ताटली उघडी सोडून सगळे उठलात तर दोन मिनिटांत ती त्यावर बसतात.

एखादे वयस्कर आजी-आजोबा टेबलाटेबलावर टिश्यूची पाकिटं विकत येतात. नको असेल तर नम्रपणे नाही म्हणा, पण जमलं तर घ्या, लागतातच.

पैशांचा हिशोब लगेच करू नका आणि महिनाभर लांबवूही नका. ज्याने जे आणलं त्याने ते ग्रुपवर लिहायचं, शेवटी बेरीज भागिले सहा. ज्याने काही खाल्लंच नाही किंवा शाकाहारी आहे त्याला सीफूडच्या पैशातून वगळा. हे आपण सुचवायचं, त्याच्यावर वेळ येऊ द्यायची नाही.

उठताना

ट्रे, ताटल्या, वापरलेले टिश्यू, सगळं उचलून ट्रे ठेवायच्या रॅकवर नेऊन ठेवायचं. ही फक्त चांगली सवय नाही, नियम आहे. हॉकर सेंटरमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून आणि कॉफी शॉप, फूड कोर्टमध्ये १ जानेवारी २०२२ पासून त्याची अंमलबजावणी चालू आहे, पहिल्यांदा लेखी ताकीद आणि दुसऱ्यांदा सापडलात तर ३०० डॉलर दंड. रॅकवर हलाल आणि नॉन-हलाल असे वेगवेगळे भाग असतात, पाटी वाचून त्या त्या ठिकाणी ठेवा. सहा जणांची भांडी चार स्टॉलची असतात त्यामुळे एकावर एक रचून सगळी एकाच ट्रेमध्ये घालायचा मोह होतो, तो टाळा, आधी टेबलावरच दोन गट करा.

गोड खायचं असेल तर ट्रे ठेवून आल्यावर परत एक फेरी मारा. आईस काचांग म्हणजे बर्फाचा डोंगर, रंगीत सरबतं, खाली गोड लाल बीन्स आणि मका, एक वाटी आणि सहा चमचे, आणि वितळायच्या आत. चेंडोलमध्ये नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि गुला मलाका म्हणजे माडाचा गूळ. जड जेवणानंतर मला मात्र गरम ताऊ ह्वे बरं वाटतं, सोयाच्या दुधाचं मऊ मऊ दही म्हणा हवं तर, वर साखरेचा पाक.

आणि निघायच्या आधी एक छोटं काम: जे आवडलं त्या स्टॉलच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा, नंबरसकट. बऱ्याच बोर्डांवर नाव चिनी लिपीत असतं आणि पुढच्या वेळी शंभर स्टॉलमध्ये तो कॅरट केकवाला कुठला होता हे कुणालाच आठवत नाही, पण मजल्याचा आकडा (जसं ०१) आणि पुढे स्टॉलचा आकडा असा जो नंबर कोपऱ्यात लिहिलेला असतो त्यावरून सरळ तिथेच जाता येतं.